हळदीच्या चौकोनातली गाडी

आमच्या घरात एक गाडी आहे. तिला चाकं नाहीत, दारं नाहीत, ती हॉलच्या उंबऱ्याबाहेर कधी जाणार नाही, आणि ती निवडताना माझ्यावर करणी केल्याचा आळ आला.

आमचे वडील, अण्णा, उभं आयुष्य महाबळेश्वरात टॅक्सी चालवत होते. आई गेल्यावर आम्ही त्यांना सांगलीला आमच्या फ्लॅटवर आणलं. पुढं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आता गाडी बंद." अण्णांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी गाडी दूध डेअरीच्या पायऱ्यांवर चढवली. (लागलं कुणालाच नाही. रिकामे कॅन तेवढे गल्लीभर गडगडत गेले. पण दुधाची वेळ, त्यामुळे प्रेक्षकांची काही कमी नव्हती.) मी किल्ली काढून घेतली आणि मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, ती तांदळाच्या डब्यात पुरली.

अण्णा भांडले असते तर बरं झालं असतं. ते गप्पच झाले.

"अण्णा, चहा ठेवू?"

"हं."

"अण्णा, जरा पाय मोकळे करून येऊ या?"

"हं." आणि जागचे हलायचे नाहीत.

दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचे. खाली एखादा रिक्षावाला वाकडातिकडा घुसला, की वर गॅलरीत अण्णांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. तो पाय मला बघवत नसे. त्या पायाला दाबायला काहीतरी दिलं पाहिजे, असं मी ठरवलं.

हे मंगलला सांगितलेलं कारण. खरं कारण थोडं वेगळं होतं. बँकेत जेवणाच्या सुट्टीत मी कित्येक महिने मोबाइलवर एकच गोष्ट बघत होतो: घरात टीव्हीसमोर मांडायची रेसिंगची बैठक. लोखंडी सांगाडा, त्यावर सीट, पुढे स्टेअरिंग, पायाशी ब्रेक-ॲक्सिलेटर. बसायचं आणि टीव्हीत गाडी पळवायची. आता पोट सुटलेल्या, केस गळालेल्या माणसाने "मला रेसिंग खेळायचंय" म्हणायचं कसं? "अण्णांसाठी घेतोय" म्हटलं की मात्र लोक आदराने बघतात.

मंगल आदराने वगैरे बघत नाही. ती म्हणाली, "घ्या. पण माझा दिवाण हलणार नाही, देव्हारा हलणार नाही, आणि पाहुणे आले की ते धूड दिसता कामा नये."

या तीन अटींत बसणारी बैठक शोधता शोधता माझा अभ्यास इतका वाढला, की बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाला मी एकदा चुकून, "लांबी-रुंदी किती?" असं विचारलं. मोठी बैठक आणायची तर आम्हाला जिन्यात राहायला जावं लागलं असतं. घडी होणारी होती, ती खुर्चीला जोडायची; पण ब्रेक दाबला की खुर्चीच मागे पळते, असं लोकांनी लिहिलं होतं. शेवटी सापडली ती गो-कार्टच्या धर्तीची. सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली, पाय समोर लांब पसरलेले, स्टेअरिंग मांड्यांच्या वर. काम झालं की उभी करून दाराआड ठेवायची. मी प्रेमातच पडलो. तिच्यातही तीन मापं होती. सगळ्यात लांब ती मला हवी होती, कारण तिच्यावर बसलेला माणूस फार सडपातळ दिसत होता.

आता मापं मोबाइलवर आकड्यांत असतात आणि पाय असतात आपल्याला. म्हणून एका रविवारी मंगल गिरणीत दळण आणायला गेल्यावर मी दिवाण आणि टीव्हीच्या मधल्या फरशीवर तिन्ही बैठका खऱ्या मापाने काढायला घेतल्या. खडू घरात नव्हता. रांगोळी होती. लांब बैठकीचा चौकोन पांढऱ्या रांगोळीने काढला. ती संपली, म्हणून मधल्या मापाचा गुलालाने काढला. गुलालही संपला. उरलेला, सगळ्यात छोटा, हळदीने.

ब्रेक आणि ॲक्सिलेटर म्हणून दोन विटा ठेवल्या. विटांनी फरशीवर चरे पडतील म्हणून त्या लाल ब्लाउजपीसमध्ये गुंडाळल्या. स्टेअरिंगसाठी स्टीलचं ताट घेतलं. ताटाचा मध्य छातीसमोर नेमका कुठे येतो ते कळावं, म्हणून पंख्याला दोरा बांधून खाली सोडला. दोरा हलू नये म्हणून टोकाला वजन हवं. शिवणाच्या डब्यात काळाच दोरा होता आणि स्वयंपाकघरात हाताला लिंबू लागलं.

या सगळ्यात काही वावगं आहे असं मला एका क्षणासाठीही वाटलं नाही. माणूस खरेदीच्या नादात आंधळा होतो तो असा.

मग मी पांढऱ्या चौकोनात बसलो. टीव्ही दक्षिणेच्या भिंतीला, त्यामुळे पाय दक्षिणेकडे. पाठ मागे रेलली, ताट हातात धरलं, डोळे मिटले आणि घाट चढायला लागलो. आवाजाशिवाय गाडीला मजा नाही, म्हणून घशातून, "घ्रॅऽऽऽ... घ्रॅऽऽऽ..." असा आवाजही काढला. रविवारी सकाळी, स्वतःच्या घरात, काय हरकत आहे?

आणि दार उघडून आत्या आत आली.

आत्या पलूसला असते. अण्णांची धाकटी बहीण. "दादा बोलंना झालाय" एवढं तिच्या कानावर गेलं होतं, म्हणून वांग्यांची पिशवी घेऊन ती सकाळच्या एसटीने निघाली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. तिला दिसलं ते असं: भाचा जमिनीवर उताणा, भोवती पांढरं-लाल-पिवळं मंडल, पोटावर काळ्या दोऱ्याने लोंबतं लिंबू, पायाशी लाल कापडातल्या दोन वस्तू, पाय दक्षिणेला, हातात ताट फिरतंय आणि तोंडाने गुरगुर चाललीय.

पिशवी खाली पडली. वांगी घरंगळत गुलालापर्यंत आली.

"तरीच म्हनलं," आत्या हळूच म्हणाली, "तरीच दादाची वाचा गेली."

मी डोळे उघडले. "आत्या, तू? अगं, ये की."

"लांबनंच बोल. सख्ख्या बापावर करनी करतोस व्हय रं इज्या?"

"करणी? अगं, ही गाडी आहे."

"कुटाय गाडी?"

मी ताट दाखवलं. त्याने परिस्थिती सुधारली नाही. उठून नीट समजावून सांगावं म्हणून मी उठायला गेलो आणि कमरेत अशी उसण भरली, की होतो तिथेच पुन्हा रेललो. (कार्टच्या धर्तीच्या बैठकीत बसणं सोपं असतं. उठण्याबद्दल जाहिरातीत काही लिहिलेलं नसतं.)

"उठ की मग."

"उठता येत नाही."

"म्हंजी मधनं उठलं की उलटतं. ठावं हाय मला."

एवढ्यात मंगल दळणाचा डबा घेऊन आली. मला वाटलं, सुटलो. आत्याने तिला दारातच अडवलं. "मंगल, आत पाय ठिवू नको. तुझा नवरा काय करतोय बग."

मंगलने बघितलं. तिने हळद ओळखली, ब्लाउजपीस ओळखला, लिंबूही ओळखलं. ती शांतपणे म्हणाली, "अहो आत्या, काही नाही. ते गाडी चालवतायत."

"तू पन सामील हाईस?"

पुढं आत्याने वेळ घालवला नाही. स्वयंपाकघरातून मीठ-मोहऱ्या आणल्या, माझ्यावरून उतरवल्या आणि अर्ध्या माझ्या डोळ्यांत टाकल्या. मग ती आतल्या खोलीत गेली आणि अण्णांची कापडाची पिशवी भरायला लागली. धोतर, टोपी, गोळ्या. बाहेर येऊन म्हणाली, "दादाला मी पलूसला न्हेते. हितं ठिवत न्हाई."

आता मात्र मला हसू येईना. आत्या बोलली की करते. आणि अण्णांना विचारलं असतं तर ते "हं" म्हणाले असते आणि चपला घालून तिच्यामागून गेले असते. या गॅलरीतून तिच्या ओसरीवर. फरक काय, तिथे रस्तासुद्धा दिसत नाही.

"आत्या, दोन दिवस थांब. मी सगळं सांगतो."

"काय सांगनार? मानूस मुका झाल्याव सांगनार?"

गलका ऐकून अण्णा गॅलरीतून आत आले. बहिणीकडे बघितलं, तिच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. मग माझ्याकडे. बराच वेळ ते त्या चौकोनांकडे बघत राहिले. आत्या त्यांचा हात धरायला पुढे झाली.

"स्टेरिंग लय खाली धरलंय त्यानं," अण्णा म्हणाले.

आत्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

"आन क्लच कुटाय? दोनच इटा हाईत."

"अण्णा, याला क्लच नसतो," मी आडवा पडूनच म्हणालो.

"क्लच न्हाई तर घाटात काय करनार, कप्पाळ? हो बाजूला."

मंगल आणि आत्या दोघींनी मिळून मला पोत्यासारखं बाजूला ओढलं. अण्णा पांढऱ्या चौकोनात बसले. पाय पसरले, नाक मुरडलं. "ह्यो नको." गुलालाच्या चौकोनात सरकले. "ह्यो बी नको." मग हळदीच्या छोट्या चौकोनात, गुडघे जरा उंच करून बसले, ताट हातात घेतलं आणि डाव्या बाजूची फरशी हाताने थोपटली.

"ह्यो बरा. ह्यात शेजारी मानूस बसाय जागा ऱ्हाती."

"अण्णा, ही एकट्यानेच चालवायची असते," मी म्हणालो. "रेसची गाडी आहे."

"एकट्यानं गाडी चालवून जायाचं कुटं?" अण्णा म्हणाले. "मंगल, पाट आन गं." मग बहिणीला म्हणाले, "ये, बस."

मंगलने देवघरापुढचा पाट आणून ठेवला. आत्या आधी लिंबाकडे बघत राहिली, मग भावाच्या तोंडाकडे. ते तोंड बोलत होतं. ती पिशवी मांडीवर घेऊन पाटावर बसली.

"कुटं न्हेतोस?"

"वाईतनं निगालोय. भाऊबीज हाय न्हवं उद्या, तुला माह्याराला न्हेतो. दार नीट लाव."

आत्याने दार लावलं. म्हणजे हवेतच, पण चांगलं खेचून लावलं.

पुढचा पसरणीचा घाट अण्णांनी त्या ताटावर असा चढवला, की मी कमरेवर हात दाबून बघत राहिलो. वळणावर हॉर्न म्हणून तोंडाने "पॉम् पॉम्". समोरून एसटी आली की ताट डावीकडे आणि हात खिडकीबाहेर. "जा बाबा, जा, तुला घाई हाय." मधेच थांबून, "पानी पाजू या तिला, तापली." आत्या आधी ताठ बसली होती. तिसऱ्या वळणाला तिने पाटाची कड धरली. त्याच्या पुढच्या वळणाला तिचा चेहरा पांढरा पडला.

"दादा, हळू घे. मला मळमळाय लागलं."

"दर वर्साचं हाय तुजं."

"ती वळनं नको रं. थांबीव."

आणि फरशीवर बसलेल्या, फरशीवरून तसूभरही न हललेल्या माझ्या आत्याने वर हात करून पंख्याचं लिंबू दोऱ्यासकट तोडलं आणि नाकाला लावलं. करणी तिथेच उतरली.

पाचगणीला पोचल्यावर चहा झाला. (तो मात्र खरा.) आत्याने अण्णांची पिशवी आतल्या खोलीत नेऊन रिकामी केली. संध्याकाळच्या एसटीला बसताना मला एवढंच म्हणाली, "ती हळदीची घे. दुसरी आनलीस तर मी हितं येऊन तुज्यावरच करनी करीन."

छोटीच घेतली. ती आल्यापासून अण्णा रोज सकाळी आंघोळ करून गाडी काढतात. शर्यतीत ते नेहमी शेवटचे येतात, कारण मागून येणाऱ्या प्रत्येकाला ते बाजू देतात. मग सावकाश जातात आणि पाटावर जो कुणी बसला असेल त्याला आजूबाजूचे डोंगर दाखवतात. बसल्या जागेवरून उठतातही आपले आपण, गुडघ्यावर हात ठेवून. उठवावं लागतं ते मला. मंगल एका हाताला आणि अण्णा दुसऱ्या हाताला.

हो, मीही चालवतो. अण्णा जेवायला बसले की. सडपातळ अजून दिसत नाही.

परवा आत्याचा फोन आला. अण्णा गॅलरीत येरझाऱ्या घालत बोलत होते आणि आतपर्यंत ऐकू येत होतं.

"मी झ्याक हाय गं. मला काय धाड भरलीय? पोराचंच जरा आवगड हाय... न्हाई, नोकरी हाय की. अगं, समोर गाडी न्हाई, गुरं न्हाईत, घरात बसून चालवतोय, आन तरीबी आज दोनदा ठोकली."