न वाळणारं दार

लातूरचा नवा जिल्हा झाला आणि आमच्या औशात ज्याला त्याला नोकरीची स्वप्नं पडू लागली. मलाही पडली. टायपिंग शिकून मी घरी बसले होते. लातूरच्या एका कचेरीतून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मी अंगणात उडीच मारली. पण शेजारी राहणारे माझे मोठे चुलते, म्हणजे आमच्या घरचं सुप्रीम कोर्ट, म्हणाले, "बाप संगं असंल तरच जाऊ द्या पोरीला. एकटी न्हाई." दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मान हलवली. थोरल्या भावासमोर त्यांना दुसरं काही जमतच नसे. मला भयंकर राग आला.

नेमकं त्याच सुमारास दादांनी घराचं बाहेरचं दार काढलं होतं. पश्चिमेचं ऊन खाऊन खाऊन त्याच्या निळ्या रंगाचे पोपडे सुटले होते. "आत सागवान हाय," असं म्हणत त्यांनी बिजागऱ्या खोलल्या आणि दार अंगणात दोन बाकांवर आडवं टाकलं. रंग उतरवायला कुणीतरी कॉस्टिक सोडा सुचवला. पण तो धुऊन काढायला बादल्या बादल्या पाणी लागतं, आणि त्या दुष्काळात आई भांडीसुद्धा राखेनं घासून नुसती पुसून ठेवत होती. "माणसांना आंघोळ न्हाई अन् दाराला घालता का?" तिनं विचारलं. विषय संपला.

मग राहिली काच. फुटक्या तावदानाची धार लाकडावर ओढायची, की रंगाची सालं निघतात. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली तांबडा. दुपारभर आमचं खर्र खर्र चाले. माझीही बोटं कापली, पण तांबड्याखालून सागाच्या रेषा दिसायला लागल्या तेव्हा फार बरं वाटलं.

पॉलिश पेपर मारून झाला, भेगा बुजवून झाल्या. आता लाकडाला जवसाचं तेल पाजायचं होतं; ते लाकडात मुरून वाळतं. दादांना दुकानापर्यंत जायचा कंटाळा. "तेल ते तेल," म्हणत त्यांनी स्वयंपाकघरातलं करडईचं तेलच चोपडलं. त्या वर्षी विहिरी वाळल्या, आड वाळले, पण आमचं दार काही वाळेना. त्यावर धूळ बसली, माशा चिकटल्या. भाजी कोरडी झाली की आई म्हणायची, "तेल दारानं पिलंय, त्यालाच विचारा." शेवटी दादांनी पुन्हा काच हातात घेतली, सगळं खरवडलं आणि मुकाट्यानं जवसाचं तेल आणून लावलं. तोवर "दार ओलं हाय" हे वाक्य अख्ख्या गल्लीला पाठ झालं होतं.

मुलाखतीचा दिवस उजाडला तरी दार बाकांवरच. आई घागरी घेऊन टँकरच्या रांगेत गेली होती. रांग सोडली की पाणी गेलं. दादा दाराशेजारी मांडी घालून बसलेले. बाजाराला निघालेले चुलते वाटेत थबकले.

"निघाला न्हाईस अजून?"

"कसं निघू, भाऊ? दार ओलं हाय, बसवता येत न्हाई. घर सताड उघडं. तुम्ही जाता का पोरीसंगं?"

"माझा माल अडत्याकडं पडलाय की."

"मग ऱ्हाऊ द्या. न्हाई जात ती."

माझे डोळे भरून आले ते लपवताही येईनात. चुलत्यांनी माझं इस्त्रीचं पातळ पाहिलं, हातातली सर्टिफिकेटं पाहिली आणि वैतागले. "आता नटून बसलीय तर जाऊ दे एकटीच," ते म्हणाले आणि तरातरा निघून गेले.

त्यांचं मन बदलायच्या आत मी धावत सुटले आणि घात झाला. पदर दारावरून घसरला. ठेवणीतलं एकच पातळ, त्याला तेल! मी पदर उलटासुलटा करून पाहिला. डाग नव्हता. दारावर तळवा ठेवला. चांगलं खडखडीत कोरडं होतं.

दादा माझ्याकडं न बघता त्याच्यावर कोरडंच फडकं फिरवत होते.

"दादा, हे तर..."

"कवाच वाळलंय," ते हळूच म्हणाले. "नोकरी लागल्यावर रोज कोण येणार हाय तुझ्यासंगं? जा, बस निघंल."