निरोगी घराचा भात

सुगी सरली की कासार आंबोलीचे एक गृहस्थ दारोदार फिरून आजारपणाचा वाटा गोळा करीत. शेतकऱ्यांकडून घरटी अर्धे पोते भात, डोंगरातल्या वाडीकडून हिरडे. त्या वाट्यावर पुण्याचे डॉक्टर दर गुरुवारी आमच्या देवळाच्या ओसरीवर येत आणि कोणालाही विन्मुख पाठवीत नसत. गृहस्थ डोळे मिटून सावकाश बोलत. पूजेपूर्वी संकल्प सोडणाऱ्या यजमानासारखे ते मला वाटत.

एका गुरुवारी त्यांचा चुलतभाऊ येऊन तणतणला, "दादा, वरीसभर माझ्या घरात कुणी शिंकलंसुदिक न्हाई. माझा भात माघारी दे!"

मी धास्तावलो. एकाने नेला की सारेच मागणार, आणि डॉक्टरांचे येणे थांबणार.

"ने की," गृहस्थ म्हणाले. "पर म्होरल्या वरसाला कोण आजारी पडणार, तेवढं सांगून जा. म्हंजी त्याच्याकडनंच घेतो."

रांगेतली माणसे हसली. गृहस्थांनी मात्र ओसरीच्या कोपऱ्यात रचलेल्या वाट्यातले अर्धे पोते खरोखरच उचलून भावाच्या खांद्यावर दिले. त्यांच्या मुद्रेवर रागाची रेषाही नव्हती.

भाऊ पायरीपर्यंत गेला. तिथे वाडीवरची एक म्हातारी तापाने कापत उभी होती, तिचा तोल गेला. त्याने पोते खाली टाकून तिला सावरले, त्यावरच बसवले आणि ओरडला, "डाक्टर, हिला आदी बघा!"

डॉक्टर उठून पायरीपाशी आले. तिला तपासून झाल्यावर त्यांनी विचारले, "हे पोते कोणाचे?"

"हितलंच हाय," तो म्हणाला.