आधी तुम्ही, मग सेड्रिक

सेड्रिक हॅलमवर मी आजवर जेवढी ओरडलेय, तेवढी माझ्या दोन्ही नवऱ्यांवर मिळूनही ओरडले नसेन. आणि तो माझा कोणी लागत नाही. शेजारी आहे, बस. आयुष्यभर शेफील्डला बस चालवली, निवृत्त झाल्यावर तिथलं टीचभर घर विकलं आणि त्याच पैशांत इथे फ्रान्सच्या लिमुझां भागात, आमच्या ले फो वाडीवर, दगडी घर, कोठार, विहीर आणि सफरचंदाची बाग घेतली. सगळे इंग्रज असेच येतात. उन्हाळ्यात घर बघायचं, भाळायचं आणि सही करायची. मग ऑक्टोबर उजाडतो.

ऑक्टोबरमध्ये कळतं की या वर्षी घेतलेलं लाकूड या वर्षी जळत नाही, नुसतं धुपतं. इथली माणसं दोन वर्षं आधी घेऊन रचून ठेवतात. मग कळतं की बारा ते दोन अख्खा देश जेवायला बसतो, नळ फुटो नाहीतर डोकं फुटो. मग कळतं की गवंडी 'या आठवड्यात येतो' म्हणाला तर कुठल्या आठवड्यात ते विचारायचं नसतं. आणि हे सगळं कळलं की माझा फोन वाजतो. "मॉयरा, मीटरवाला आलाय, काय म्हणतोय बघ ना." "मॉयरा, सेप्टिक टँक तपासायला बाई आलीय, आणि मी आंघोळीत आहे." मी मूळची ग्लासगोची, पण सव्वीस वर्षं इथे आहे. माझा दुसरा नवरा इथलाच, गवंडीकाम करायचा. त्याने मला भाषा शिकवायला सुरुवात केली ती शिव्यांपासून. तो गेला, भाषा राहिली, आणि मी झाले पंचक्रोशीतल्या इंग्रजांची फुकटातली दुभाषी. जळ्ळं मेलं लक्षण!

एकटा सेड्रिक कधी फोन करायचा नाही. बरं वाटलं असेल तुम्हाला? मला नाही वाटायचं. कारण त्याची कामं नंतर दुप्पट होऊन यायची. "तुला कशाला त्रास," हे त्याचं पालुपद. उंच, वाकलेला, कानांवर केसांचे झुपके, आणि तोंडात सदा 'सॉरी'. दाराला धडकला तर दाराला सॉरी म्हणणारा माणूस. बेकरीत गेला की मागच्याला पुढे सोडायचा, त्याच्या मागच्यालाही सोडायचा, आणि पाव संपले की रिकाम्या हाताने हसत परत यायचा. त्याची बायको एव्हरिल, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेली, ठेंगणी, तोंडाने फटकळ. ती म्हणायची, "याच्याशी लग्न केलं कारण याने बसमध्ये मला जागा दिली. तेव्हा कुठे माहीत होतं, हा सगळ्यांनाच देतो!"

मागच्या वर्षी एव्हरिलला दम लागायला लागला. आधी चढावर, मग जिन्यावर. "ओल आहे गं घरात," म्हणायची. सप्टेंबरात मी पाहिलं, कोंबड्यांना दाणे टाकून ती परत येताना मध्येच विहिरीच्या कठड्यावर बसली. पाय सुजलेले, चपलेच्या पट्ट्या रुतलेल्या.

"सेड्रिक, हिला डॉक्टरकडे ने," मी म्हटलं. "उद्याच्या उद्या. मी येते बरोबर."

"नको नको, तुला कशाला त्रास. मी बघतो."

शेजारच्या व्हालब्रून गावचे म्हातारे डॉक्टर निवृत्त झाल्यापासून तिथे मार्सो नावाची एक डॉक्टरीण मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी येते. फोनवर नंबर मिळत नाही. आजारी माणसाने जायचं, बसायचं, आपला नंबर आला की आत जायचं. बाराला ती दार लावते. गाव लहान, डॉक्टर दुर्मीळ, आणि एवढी सोय आहे हेच आमचं नशीब.

मंगळवारी सेड्रिक गेला. शुक्रवारी पुन्हा गेला. पुढच्या मंगळवारी पुन्हा.

"काय झालं?" मी कुंपणावरून विचारायची.

"गर्दी होती गं आज. होईल, होईल."

मला वाटलं, आत जाऊन आलाय, तपासण्या-बिपासण्या चालल्यात, सांगायचं नसेल. इंग्रज माणूस आजाराचं बोलतो कुठे? पाय कापून हातात दिला तरी 'तसं ठीक आहे' म्हणेल.

मग एके दिवशी सोलांज आली. ही आमच्या खालच्या अंगाला राहते, गाई आहेत, मुलगा दिदिए शेती बघतो. दारातच तिने आवाज खाली केला. "मॉयरा, तुमच्या त्या लांबड्या इंग्रजाच्या घरी लाकडं संपलीत का गं?"

"का?"

"अगं, डॉक्टरकडे ऊब घ्यायला येऊन बसतो. आम्ही सगळे बघतो ना. येतो, कुणाला नमस्काराचं 'बाँझूर' नाही की काही नाही, कोपऱ्यात हीटरपाशी बसतो. नंबर आला की दुसऱ्याला हात करतो, तुम्ही जा म्हणून. बाराला उठून घरी. मी दिदिएला म्हटलं, असेल मानी माणूस, मागणार नाही. एक ट्रॉली ओकची लाकडं त्याच्या फाटकाशी टाकून ये. चांगली वाळलेली दिलीत हो!"

मी कपाळावर हात मारला. तशीच उठले आणि सेड्रिकच्या घरी गेले. फाटकाशी लाकडांचा ढीग, त्यावर नीट ताडपत्री, आणि ताडपत्रीला पुठ्ठ्यावर रंगवलेली पाटी, इंग्रजीत: 'ही लाकडं चुकून इथे पडली आहेत. कृपया आपली घेऊन जावीत.'

"सेड्रिक!" मी आत शिरले. "तू आत गेलास का डॉक्टरच्या? एकदा तरी?"

तो चहा ओतत होता. एव्हरिल खुर्चीत उशा लावून बसली होती, आताशा तिला आडवं झोपता येत नव्हतं.

"अजून नाही," तो म्हणाला. "म्हणजे काय आहे, मी तर फक्त तिची वेळ ठरवायला जातो. मी स्वतः आजारी नाही. तिथे खोकणारी पोरं, पाय बांधलेली म्हातारी माणसं. त्यांच्या आधी मी कसा घुसू? शोभतं का?"

"वेळ ठरवायची नसते तिथे! कितीदा सांगितलं? आजारी माणसाला घेऊन जायचं!"

"पण तिला एवढा वेळ बसवून ठेवायचं... आधी विचारून ठेवावं म्हटलं."

काय बोलायचं या माणसाला? ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तेही एकदा नाही, तीन-तीन आठवडे! मी एव्हरिलकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला म्हणाला, तिथली रांग फार सरळ नाही." आणि हसायला गेली तर खोकलाच आला, तो थांबेना. सेड्रिक तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. दुसऱ्या हाताने त्याने तिच्या सुजलेल्या पायांखाली स्टूल सरकवलं, न बघता, रोजच्या सवयीने. तेव्हा माझ्या लक्षात आलं की याला सगळं दिसतंय. आणि मग तर मला जास्तच राग आला.

शुक्रवारी मी दोघांना गाडीत घातलं. वाटेत शिकवणी चालू. "दारातून आत गेल्यावर सगळ्यांकडे बघून मोठ्याने बाँझूर म्हणायचं. तुझ्या आधी कोण बसलंय ते डोक्यात ठेवायचं. तीच रांग. लोकांना माहीत असतं कुणाच्या मागे कोण. आणि तुझा नंबर आला की उठायचं. कळलं?"

"कळलं."

"हात करायचा नाही."

"नाही करत गं बाई."

आत गेलो. सेड्रिक बाँझूर म्हणाला, पण आपल्या बुटांना. एव्हरिल मात्र दाराच्या चौकटीला धरून, दम घेत, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली. सगळ्यांनी उत्तर दिलं, एकाने खुर्ची सरकवली. आमच्या आधी चार जण होते. म्हातारा फेर्नां काठीवर हनुवटी टेकून बसला होता. त्याने सेड्रिककडे पाहून मान डोलावली, जुन्या ओळखीची.

एकेक जण आत जाऊन आला. घड्याळ साडेअकराच्या पुढे सरकलं. एव्हरिलचे ओठ मला बरे दिसेनात, जांभळट झाले होते. अखेर फेर्नां बाहेर आला, डॉक्टरीण दारात उभी राहिली आणि म्हणाली, "पुढचं कोण?"

आणि त्याच क्षणी बाहेरचं दार उघडून एक तरणी आई आली, कडेवर खोकणारं पोर. सेड्रिक अर्धा उठला. मी त्याच्याकडे बघत होते. त्याचा उजवा हात वर आला, बसमध्ये प्रवाशांना पुढे सरका म्हणून करतात तसा, आणि तो त्या पोरीला म्हणाला, "प्लीज. आधी तुम्ही."

मग माझं डोकंच फिरलं. आता आठवलं तरी कान गरम होतात. "अरे मेल्या!" मी ओरडले, त्या शांत खोलीत, अस्सल ग्लासगोच्या गल्लीतल्या आवाजात. "बायको मरतेय तुझी! मरतेय! आणि तू जगाला जागा देत बसलायस? कुणाला दाखवतोस चांगुलपणा? भीड ही भिकेची बहीण, तुला कुणी शिकवलं नाही का?"

सेड्रिकचा हात तसाच हवेत. इंग्रजी त्या खोलीत कुणाला येत नव्हती, पण ओरडण्याचा अर्थ कळायला भाषा कशाला लागते?

फेर्नां काठी आपटत म्हणाला, "मादाम, याचाच नंबर आहे. मंगळवारीसुद्धा याचाच होता. त्याच्या आधीच्या शुक्रवारीसुद्धा. आम्ही काय आंधळे आहोत का? तोच जात नाही!"

ती पोरवाली आई म्हणाली, "मी तर आत्ताच आलेय, मॉस्यो. तुम्ही जा ना."

एव्हरिल तोवर उठली होती. नवऱ्याकडे न बघता, खुर्च्यांच्या पाठी धरत धरत ती चालत गेली, आणि डॉक्टरणीने तिला दारातच दंडाला धरलं. मी मागोमाग गेले, सांगायला.

आत फार वेळ लागला नाही. छाती ऐकली, पाय दाबून बघितले, बोटाला यंत्र लावलं.

"किती दिवसांपासून?" डॉक्टरणीने विचारलं.

"वसंतापासून," एव्हरिल म्हणाली, मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं.

"वसंतापासून?" मार्सोबाई माझ्यावरच खेकसली. "आणि आज येताय? यांचं हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी आहे. एक-दोन आठवड्यांपूर्वी आल्या असत्या तर गोळ्यांवर भागलं असतं. आता मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. लगेच." आणि तिने फोन उचलला.

मी बाहेर येऊन सेड्रिकला हे जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. सौम्य करून सांगायला हवं होतं, असं सोलांज नंतर म्हणाली. मी म्हटलं, सौम्यपणानेच तर ही वेळ आणली! तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि टोपी चुरगाळत राहिला.

रुग्णवाहिका चर्चसमोर येऊन थांबली तेव्हा बाराचे टोले पडत होते, आणि त्या दिवशी मात्र कुणी जेवायला गेलं नाही. फेर्नां, ती आई, बेकरीवाली, सगळे फूटपाथवर. एव्हरिलला स्ट्रेचरवर घेतलं, नाकाला नळी लावली. ड्रायव्हर म्हणाला, "पुढे एकाची जागा आहे. कोण येतंय?"

सेड्रिकने माझ्याकडे पाहिलं. "तू जा, मॉयरा. तिथे विचारतील, सांगावं लागेल. तुला भाषा येते. मी मागून येईन."

"कसा येशील? माझी गाडी घे."

"नको गं, तुझी गाडी कशाला. बसने येईन."

इथे शुक्रवारी बस नसते. आणि खरं सांगते, एक क्षण मला त्याचं पटलं. बोलणं बरोबरच होतं की! दवाखान्यात मीच लागणार होते. मी दाराला हात घातला.

आतून एव्हरिलने नाकाची नळी बाजूला ओढली. "सेड्रिक."

"अगं, नळी लाव."

"चव्वेचाळीस वर्षं तू लोकांना पुढे सोडतोस आणि मी तुझ्या मागे उभी राहते," ती म्हणाली. मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला तिला. "मला भाषा येणारं माणूस नकोय. मेले तर मला तू जवळ हवायस."

मी दार सोडलं. सेड्रिक तिथेच उभा, तोंड उघडं. मग त्याने मला खांद्याने बाजूला ढकललं, चांगलं जोरात, फेर्नांच्या काठीला पाय लागला, काठी रस्त्यावर पडली, आणि तो मागे वळून न बघता आत चढला.