न घेतलेलं नाव

आमच्याकडं बाळाचं नाव आत्या ठेवते. आई नाही, बाप नाही, आजोबाही नाहीत. आत्यानं पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करायचं, नाव सांगायचं, आणि जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. मला एकच भाऊ, तोही पाठचा. त्यामुळं हा मान मला एकटीला मिळणार होता, आणि मी तो कुणाशी वाटून घेणाऱ्यातली नाही.

भावाला मुलगा झाला तेव्हा माझ्याकडं नाव तयार होतं. आमच्या वडिलांचं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, आदल्या वर्षी गेले. माझं माहेर जळकोटचं, सासर उमरग्याचं. उमरग्याच्या स्टँडसमोर माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. अण्णा कधी आले तर एसटीतून उतरून मुकाट दुकानात यायचे नाहीत. रस्त्याच्या पलीकडूनच माझ्या नावानं अशी हाक ठोकायचे की शेजारच्या टपरीवाल्याचा चहा सांडावा. मी चिडायचे. "अण्णा, गिऱ्हाईक बसलंय," म्हणायचे. ते गेल्यावर लक्षात आलं, तशी हाक आता मला कुणी मारणार नाही. सासरी मी कुणाची काकू, कुणाची मामी, पोरांची आई. दुकानात मॅडम. म्हणून मला वाटायचं, निदान अण्णांचं नाव तरी त्या घरात ऐकू यावं. कुणीतरी अंगणात उभं राहून ते नाव घेऊन ओरडावं आणि एक उघडं-नागडं पोर धावत यावं. बाकी मला काही नको होतं.

भावानं व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला होता. त्यात त्याचे मित्र रोज एकेक नाव टाकत. अर्थ मोबाईलवर शोधावा लागेल अशी आखूड, चकचकीत नावं. गुरुजींनी पंचांग बघून काढलेलं अक्षर आणखी तिसरंच. मी ग्रुपवर एकच मेसेज टाकला, 'नाव आत्या ठेवणार,' आणि सगळे चिडीचूप झाले. माझा स्वभाव त्यांना माहीत आहे.

वर मी एक आगाऊपणाही केला. बाळाला न्यायच्या मलमलच्या झबल्यावर, बरोबर छातीशी, निळ्या रेशमानं अण्णांचं नाव भरलं. बाळाच्या आईला विचारलं नाही. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

भावजयीचं माहेर येरमाळ्याजवळ. पहिलं बाळंतपण म्हणून ती तिकडंच होती. मी पाचवीला गेले. बाळ बघितलं. अण्णांसारखेच कान, वरच्या बाजूनं जरा बाहेर आलेले. मी झबलं काढून तिच्या हातात दिलं. तिनं नाव वाचलं.

"छान भरलंय, अक्का," ती म्हणाली. पण बाळाच्या अंगात घालायचं सोडून तिनं ते घडी करून उशाशी ठेवलं.

"का गं? लहान होतंय का?"

"न्हाय."

"मग?"

ती बाळाच्या पायाला तेल चोळत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "अक्का, मला हे नाव घेता यायचं न्हाय. सासऱ्याचं नाव कसं घिऊ?"

मला हसूच आलं. ही एवढी शिकलेली, शाळेत शिकवणारी, आणि हिला कसलं आलंय असलं! "आजकाल कोण पाळतंय?" मी म्हणाले. "घे की खुशाल. कोण अडवतंय तुला?"

"कुणीच न्हाय. तुमच्या आई तर चकार शब्द बोलणार न्हाईत, मला ठावं हाय. पण त्यांनी स्वतः जलमभर घेतलं न्हाय. आन् मी त्यांच्या म्होरं उभी राहून त्या नावानं वरडू? माझं तोंडच उघडायचं न्हाय, अक्का."

मी काही बोलणार तोच तिनं बाळ मांडीवर घेतलं आणि पुढं सांगायला लागली. "माझं नाव माझ्या आजीचं हाय. अप्पांच्या, म्हंजी माझ्या वडलांच्या आईचं. म्हणून माझ्या आईनं आजपतुर मला नावानं हाक मारली न्हाय. बाये म्हणती. आजी माझ्या जलमाआधीच गेलती, तरी बी. लहानपणी लई वाटायचं, बाकीच्या पोरींच्या आया कशा मोठ्यानं बोलवतेत, आपल्या आईनं एकदा तरी घ्यावं. आता मी दिवसभर शाळेत दुसऱ्यांच्या लेकरांची नावं घेते. माझ्या लेकराला मातर जलमभर सोन्या आन् पिल्लू म्हणायचं व्हय?" तिचे डोळे भरून आले होते. "अण्णांचं नाव नको असं न्हाय. अण्णांनी मला लेकीवानी वागवलं. पण तोंड भरून घेता यील असं एखादं नाव ठेवा. येवढंच मागते."

तिची आई बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवायला शेगडी घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं असणार. शेगडी ठेवून ती आत गेली.

मला राग आला. खरं तर रागापेक्षा वाईट वाटलं होतं, पण माझं वाईट वाटणंही रागासारखंच दिसतं. "नाव आत्या ठेवते," मी म्हणाले आणि पिशवी उचलली. तुळजापूरला गाडी बदलेपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते.

दोन दिवसांनी शुक्रवार होता. देवीच्या फोटोला गजरा घ्यायला म्हणून मी स्टँडसमोर फुलवालीकडं गेले. माझ्या सासूबाईंचं नाव एका फुलाचं. त्यामुळं ते फूल मला कधी नाव घेऊन मागता आलेलं नाही. मी नेहमीसारखं बोट दाखवलं आणि म्हणाले, "ते पांढरं द्या."

फुलवाली हसली. "मावशी, पांढरी लई हैत माझ्याकडं. सासूबाई जाऊन बी किती वर्सं झाली. आता तरी नाव घिऊन मागा की."

मी तिला खोटं पाडायला तोंड उघडलं. आणि काय सांगू, शब्द बाहेर येईना. सासूबाई काही खाष्ट नव्हत्या, असत्या तरी आता वरून ऐकत बसल्या नसत्या, हे मला सगळं कळत होतं. तरी मी बोट दाखवूनच गजरा घेतला. आणि भावजयीला मात्र मी म्हणून आले होते, घे की खुशाल.

दुकानात आल्यावर आईला फोन लावला.

"आई, बाळाला अण्णांचं नाव ठेवलं, तर तू त्याला काय म्हणणार?"

"म्हणंन की राजा. न्हायतर बाळ."

"नाव नाही घेणार?"

"बाईमाणसानं नवऱ्याचं नाव घेतेत का कुठं? आयुष्य कमी हुतं त्येंचं."

"आई," मी म्हणाले, "अण्णा गेले."

असं बोलायला नको होतं, पण बोलून गेले. मग मी तिला भावजयीचं सगळं सांगितलं, तिच्या आईनं तिला कधीच नावानं हाक मारली नाही तेही. आईनं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी मशीनवर बसून विचार केला. भाऊ हायवेवर स्पेअर पार्टचं दुकान चालवतो, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. घरात दिवसभर कोण? आई आणि भावजय. दोघींनाही ते नाव घेता यायचं नाही. म्हणजे मी हट्ट करून अण्णांचं नाव त्या घरात ठेवणार आणि ते मुकंच राहणार. सणासुदीला मी गेले की मीच घेणार, मीच ऐकणार. मला असं थोडंच हवं होतं!

मी भावजयीला फोन करून विचारलं, "तुला कोणतं आवडतं, सांग." तिनं लाजत एक नाव सांगितलं. चांगलं होतं, आखूड होतं, फक्त माझ्या जिभेवर बसत नव्हतं. पण दिला होकार. झबलं मग भावाकरवी तिच्याकडून परत आणवलं. त्यावरचं निळं रेशीम उसवताना मी रडले. कुणाला दिसू नये म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं.

बारशाला आम्ही जळकोटहून जीप करून गेलो. भावजयीच्या माहेरी हौस दांडगी. लोखंडी पाळण्याला फुगे, झालर, लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ. आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवला, मग तो काढून बाळाला ठेवलं. बायकांनी पाळणा म्हटला. कुणाचाच सूर कुणाला लागत नव्हता, पण आवाज भरपूर. आई पाळण्यापासून लांब, भिंतीला टेकून बसली होती. तिला कुणी तसं बसवलं नव्हतं. अण्णा गेल्यापासून असल्या कार्यात ती आपणच मागं सरते. मी ओरडून थकले.

"चला आत्याबाई," कुणीतरी म्हणालं. मी पदर खोचला आणि पाळण्यावर वाकले. भावजयीनं सांगितलेलं नाव ओठांवर घेतलं.

"थांब गं," आई म्हणाली.

ती उठली. बायकांमधून वाट काढत पाळण्यापाशी आली, पाळण्याच्या दोरीला धरून उभी राहिली आणि बाळाकडं बघत तिनं अण्णांचं नाव घेतलं.

सणाला उखाण्यात तिनं ते घेतलेलं मी ऐकलं होतं. पदर सावरून, मान खाली घालून, यमकाच्या आड लपवून. हे तसं नव्हतं. हे नुसतं नाव होतं, मागंपुढं काही नाही, रानातल्या माणसाला जेवायला हाक मारावी इतकं मोठ्यानं. जन्मभर तिनं अण्णांना "ऐकलं का" म्हणूनच हाक मारली होती.

"जलमभर घेतलं न्हाय," आई म्हणाली. "आयुष्य कमी हुतं म्हणून. न घेता बी गेलेच की." तिनं सुनेकडं बघितलं. "पुरे झालं आता. घे गं तू. माझ्याम्होरं घे."

भावजय उठून उभी राहिली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आईकडं. मग तिनं ते नाव घेतलं. इतकं हळू, की शेजारच्या बाईलाही ऐकू आलं नसेल.

"मोठ्यानं," आई म्हणाली.

तिनं परत घेतलं. या वेळी ओसरीवर बसलेल्या पुरुषांनीही ऐकलं, कारण माझा भाऊ दारात येऊन उभा राहिला. भावजय आता हसत होती आणि रडतही होती, आणि आणखी एकदा, कुणी न सांगताच, तिनं ते नाव घेतलं. बाळ झोपलं होतं. त्याला कशाचं काय!

"मग आता मी कानात काय सांगू?" मी विचारलं. माझा मान भर बारशात दोघींनी मिळून लुटला होता, आणि मला इतका आनंद झाला होता की नीट रागावताही येईना.

"तेच सांगा, अक्का," भावजय म्हणाली.

मी वाकले, त्या बाहेर आलेल्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि अण्णांचं नाव सांगितलं. बायकांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले की दोन दिवस शिवणाला बसता आलं नाही.

मग घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली. पोराबाळांचा गलका, जिलब्यांची ताटं, कुणाची चप्पल हरवलेली. भावजय बाळाला मांडीवर घेऊन खाटेवर बसली होती, मी तिच्या शेजारी. तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक हाक आली. घोगरी, अडखळत आलेली. भावजयीच्या नावानं.

ती हलली नाही. तिला वाटलं, त्या नावाची दुसरी कुणी पाहुणी आली असेल. मी तिच्या हाताला धरलं. परत हाक आली, आता जरा मोठ्यानं, आणि आवाज तिच्या आईचा होता.

भावजयीनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. "ओ आई," ती म्हणाली, आणि ओली बाळंतीण असल्याचं विसरून, निऱ्या सावरत आत पळाली.