माझ्या बायकोच्या सात नणंदा

लग्नाच्या दिवसापर्यंत मी पूर्णा नदी पोत्याखाली बसूनच ओलांडली. हे कुणाला सांगितलं की हसतात, आणि हसावं असंच आहे. आमचं गाव भातकुलीकडचं, मामाचं गाव पूर्णेच्या पल्याड, मधे बैलगाडीचा उतार. उन्हाळ्यात तिथे बैलांचे गुडघेही धड भिजायचे नाहीत. तरी गाडी काठाशी आली की माय मला खाली बसवायची, अंगावर सरकीचं रिकामं पोतं टाकायची आणि वर आपला हात ठेवायची. "बोलू नको. खोकलू नको." सरकीचा वास, चाकांचा खळखळाट आणि मायच्या हाताचा भार, एवढीच माझी पूर्णा. पल्याडच्या कोरड्या वाळूत चाकं करकरली की पोतं निघायचं.

पोतं बहुतेक वेळा मामाची मुलगीच काढायची. गाडी दिसली की ती धावत उतारावर यायची, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, काळीसावळी, काटकुळी आणि गावभर ऐकू जाईल अशा आवाजाची. ओल्या परकराने चाकावर पाय देऊन चढायची आणि पोतं उचलून मायला विचारायची, "आत्या, माल सुकाच आनला ना?" मी अकोल्याला कॉलेजात गेलो, मिसरूड फुटली, तरी ती मला पोतंच म्हणायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, रागावली की अजूनही म्हणते.

पोत्याचं कारण होतं उताराच्या जरा खाली. तिथे पूर्णेला डोह होता, आणि डोहाच्या काठी बाभळीखाली शेंदूर फासलेले सात दगड. त्या साती आसरा. पाण्यात राहणाऱ्या सात जणी. आमच्या वऱ्हाडात ज्या डोहाला आसरा नाहीत तो डोह कसला, असंच लोक समजत. त्या भर दुपारी पाण्याबाहेर येऊन केस वाळवतात म्हणत. मनात भरलेलं माणूस घेऊन जातात म्हणत. आणि हळद लागलेला नवरदेव तर त्यांना सगळ्यांत आवडतो. म्हणून आमच्याकडे हळदीच्या अंगाने कुणी पाण्याकडे फिरकत नसे.

माझ्या आधी मायला एक मुलगा झाला होता. सहा वर्षांचा असताना तो त्या डोहात गेला. मामाकडे सणाला गेलेली माय वाळूतल्या झिऱ्यावर पाणी भरत होती, तिच्या पाठीमागे हे झालं. मी तेव्हा पोटात होतो. काही दिवस उलटल्यावर ती त्या सात दगडांपुढे जाऊन बसली आणि नवस बोलली. एक नेलात, हा माझ्याजवळ ठेवा, लग्नाच्या दिवशी बाशिंग बांधून याला तुमच्या पायाशी आणीन.

त्या वेळी तिला बाळ जगायला हवं होतं, बाशिंगाचा दिवस फार लांब होता. पण मी जगलो. जगलो म्हणजे वाढलोही. आणि जसजसा वाढत गेलो तसतसा तो नवस मायला भिववू लागला. ज्यांना नवरदेव आवडतो त्यांच्याच दारात नवरदेव घेऊन जायचा. नाही न्यावा तर नवस मोडला, आणि नवस मोडलेल्याला त्या सोडत नाहीत. मायने यातून आपल्यापुरती वाट काढली. लग्नच नाही, तर बाशिंग नाही. बाशिंग नाही, तर डोह नाही.

आमचा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी असं की साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजता शिजत नाही. प्यायला नदीच्या वाळूत झिरे खणून गोडं पाणी आणावं लागे. मोठा भाऊ गेल्यापासून माय स्वतः झिऱ्यावर कधी गेली नाही, शेजारच्या बाया आणून देत. आम्हा सगळ्यांना ती तेच पाणी द्यायची. ती मात्र तेव्हापासून विहिरीचं खारटच प्यायली. बाबा सुरुवातीला समजावत, मग गप्प झाले. मला हे फार उशिरा कळलं. लहानपणी मला वाटायचं, मायांना खारटच आवडत असेल.

मामाच्या मुलीला पोहायला म्हशींनी शिकवलं. म्हशीचं शेपूट धरून ती डोहात उतरायची, एक दिवस शेपूट सोडून दिलं. गावातल्या बाया तिच्या नावाने बोटं मोडत. एकदा एक पोट्टा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला की याले आसरा नेनार हायेत, तर तिने त्याला चिखलात असा लोळवला की त्याची माय भांडायला आली. मामीने तिला त्या रात्री जेवायला दिलं नाही. तिने दुसऱ्या दिवशी त्या पोट्ट्याला पुन्हा विचारलं, "कोनाले नेनार हायेत?"

कॉलेजच्या पहिल्या उन्हाळ्यात मी मामाकडे होतो. ती झिऱ्यावर निघाली, मी घागर धरायला म्हणून मागे गेलो. नदीपासून चांगलं दहा पावलं अंतर राखून उभा राहिलो. ती वाळूत बसून वाटीवाटीने पाणी भरत होती. मान वर न करता म्हणाली, "तू कोनाले भेतं? पाण्याले का मले?"

मी म्हणालो, "दोन्हीले."

ती हसली नाही. वाटी ठेवली, उठली, सरळ डोहाकडे गेली आणि लुगड्यानिशी बुडी मारली. पाणी मिटलं. मी वाट पाहिली. बाभळीवर एक होला घुमत होता, तोही थांबला. आयुष्यात तेवढा मी कधी घाबरलो नाही, आणि माझ्या लक्षात आलं की या वेळी भीती माझ्यासाठी नव्हती. मग ती पार पल्याड वर आली, मूठभर काळा गाळ माझ्याकडे फेकला. "पाह्य. गाळ हाय खाली. दुसरं काई नाई." काठाला येऊन केस पिळताना मात्र जरा हळू म्हणाली, "थंड लय हाय. आन कोनीतरी पाहून रायलं असं वाटते. पन वाईट नाई वाटत."

उन्हात केस पिळणारी ती, मागे सात शेंदरी दगड. मला त्या क्षणी वाटलं की आसरा असतीलच तर अशाच असतील. ती मला आवडते हे मला त्या दुपारी कळलं. तिला म्हणे ते आधीपासून माहीत होतं.

मामाने विचारायला वेळ लावला नाही. आमच्याकडे मामाच्या मुलीवर आतेभावाचा हक्कच. मायला भाची जिवापाड प्यारी. पण माय म्हणाली, "यंदा नाई." पुढच्या वर्षी पुन्हा मामा आला, पुन्हा "यंदा नाई." तिसऱ्या वर्षी मामा ओसरीवर बसला, चहा तसाच ठेवला आणि म्हणाला, "बाई, अकोल्याचं स्थळ आलं हाय. पोट्टीले किती दिवस घरात ठेवू? तू हो म्हन, नाई तर नाई म्हन." मायने निवलेला चहा उचलून आत नेला. मामा उठून गेला.

मी विज्ञान शिकत होतो. आसरा नाहीत हे मला फळ्यावर लिहून दाखवता आलं असतं. पण मायसमोर तसं म्हणायला तोंड उघडलं की मला डोक्यावरचा तिचा हात आठवायचा, आणि तोंड मिटायचं. बाईमाणूस असतो तर मी निदान रडलो असतो. मी नुसता जेवायचा थांबलो, तेही एक वेळ.

दोन दिवसांनी, दुपार चढायच्या आत, आमच्या अंगणात ती उभी. एकटी. गुडघ्यापर्यंत ओली, पायाला वाळू. गाडीबिडी काही नाही, नदीतून चालत आलेली. माय तूर निवडत होती. तिने भाचीकडे पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"आत्या, तू आसराइले काय बोल्ली होती? मले सांग."

मायने सांगितलं. मीही तो नवस पहिल्यांदाच तिच्या तोंडून ऐकला, तोवर सगळं शेजारणींच्या कुजबुजीतून जोडलेलं होतं. सांगताना माय जमिनीकडे पाहत होती.

"मंग आन त्याले," मामाची मुलगी म्हणाली. "बोल्ली तसा आन. मी संग येतो."

"त्या तुले बी नेतीन, बाप्पा."

"नेऊ दे. माह्यासंग रायनं त्याइले जमते का, ते त्याच पाहतीन."

माय हसली. मला आठवतं तसं मी तिला तोंड उघडून हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने विचारलं, "तुले भेव नाई लागत?"

"लागते ना. पन तू एकटीच किती दिवस भेशीन? आता दोघी भिऊ."

माय उठली आणि तिने तिला कोरडं लुगडं दिलं. हेच आमच्याकडे लग्न ठरणं.

लग्न वैशाखात, मामाच्या दारी. तिने निरोप धाडला होता की नवरदेव पोत्याखाली आला तर मी बोहल्यावर उभी रायनार नाई. म्हणून पूर्णा मी पहिल्यांदा दमणी गाडीत ताठ बसून, बाशिंग बांधून, हळदीच्या अंगाने ओलांडली. नदी सुंदर आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मायने माझं मनगट असं धरलं होतं की बांगड्यांचे वळ उमटले.

परतताना दमणी डोहाशी थांबली. वऱ्हाडी मागे काठावर राहिले. मायच्या हातात ताट, ताटात सात हिरवे खण, बांगड्या, नारळ. ओली वाळू लागली तिथे तिचे पाय थांबले. ती पुढे जायचं म्हणत होती, पाय ऐकत नव्हते. माझ्या बायकोने तिच्या हातातून ताट घेतलं आणि पाण्यात चालायला लागली. माझा शेला तिच्या शालूला बांधलेला, मी जाणार कुठे. घोटा, गुडघा, मग कमरेपर्यंत. माझे दात वाजत होते, भर वैशाखात.

तिने खण एकेक करून पाण्यावर सोडले आणि घरात बोलावं तशी बोलली.

"आत्यानं कबूल केल्ता तसा आनला. पाहून घ्या. इतके दिवस तुमीच राखला, म्हंजे हा तुमचा भाऊ. म्हंजे तुमी माह्या नंदा. नंदांचा मान आनला हाय, घ्या. आन दार अडवाचं असन तं अडवा."

आमच्याकडे नवी नवरी घरात शिरताना नणंद उंबऱ्यात आडवी उभी राहते. तुझी लेक माझ्या लेकाला देशील का, असं विचारते. नवरी हो म्हणते, सगळे हसतात, वाट मोकळी होते. माझी बायको तशीच, नणंदांनी विचारायची वाट पाहत, थांबली. पाणी हलत नव्हतं. आणि माझ्या घोट्याला काहीतरी थंड हलकेच टेकलं, आणि सरकलं. मासा असेल. पुढे मी अकोल्याच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, आणि मासाच होता असं मी अजूनही म्हणतो.

"पोट्टी मांगू नका," ती म्हणाली. "देनार नाई. पन तिले मी पोहनं शिकवीन. थे तुमच्याकडं येत जाईन. तुमी तिच्या आत्या. आत्यानं भाचीले कसं सांभाळाव लागते, थे माह्या आत्याले पाहून शिका." मग तिचा आवाज खाली आला. "आन मोठा तुमच्याजवळ हाय, त्याले सांभाळजा. आमी त्याले वापस मांगत नाई. पन तो लहान हाय."

माझ्या मागे पाणी चुळबुळलं. वळून पाहिलं तर माय पाण्यात उतरत होती. नव्या लुगड्याचे काठ वर तरंगत होते. ती आमच्याजवळ आली, ओंजळ भरली, बराच वेळ नुसती धरून ठेवली. मग प्यायली.

"गोड हाय," ती म्हणाली.

आमची मुलगी पाच वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात तिच्या आईने तिच्या पाठीला वाळका भोपळा बांधला, कमरेला दोरी, आणि दोरीचं टोक मायच्या हातात दिलं. रोज दुपारी तिघी डोहावर जायच्या. मीही जायचो. मी वाळूत उभा राहून सूचना करायचो, त्या कुणी ऐकत नसे. मायची मूठ पहिले काही दिवस पांढरी पडलेली असायची. मग हळूहळू ती दोरी सैल सोडायला लागली.

एक दिवस मुलगी भोपळ्याशिवाय डोहाच्या मध्यावर होती आणि तिची आई पल्याडून तिला हाका मारत होती. मी मायकडे पाहिलं. दोरी पाण्यावर पसरलेली, टोक तरंगत चाललेलं. माय दगडांपाशी बसली होती, हात मांडीवर मोकळे. आणि पाण्याकडे पाहून, शेजारणीला सांगावं तसं, सांगत होती, "पाहून रायल्या ना बाप्पा? मी जरा डोळा लावतो."

आणि ती खरंच बाभळीला टेकून झोपली.