पोर कुणापाशी राहायची

हर्णैच्या बंदरात आगबोट लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. आमचा पडाव सुटला तेव्हा माझ्या मांडीवर तान्हा विष्णू होता, आणि किनाऱ्यावर सासूबाईंच्या कडेवर माझी थोरली, गंगी. चार वर्षांची पोर हसत हात हालवत होती. मी जशी काही शेजारच्या वाडीला निघाले होते!

सावित्री, तू तेव्हा जाऊ होऊन घरात आली नव्हतीस. भावोजींनाही इकडे नोकरी लागते आहे आणि तुझ्या कमळीला मागे ठेवायचं घाटतं आहे असं कानावर आलं, म्हणून हे लिहिते. यांना कल्याणच्या मालधक्क्यावर कारकुनी मिळाली होती. सासूबाई म्हणाल्या, "परमुलखात दोन पोरं कशी वाढवशील? थोरली राहू दे इथंच." मामंजींनी मान डोलावली, यांनी खाली घातली, आणि झालं. मला विचारायचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे. तुम्ही सगळे मला वहिनी म्हणता, म्हणून माझी पोरगीही मला वहिनी म्हणे. हे सासूबाईंना आई म्हणत, म्हणून तीही त्यांनाच आई म्हणे. जन्म मी दिला, दूध मी पाजलं, आणि मी आपली वहिनी! बापानं तर वडीलधाऱ्यांदेखत स्वतःचं मूल उचलायचंच नाही. गंगी रांगत यांच्या पायाशी आली तरी हे पंचांग चाळत बसत.

कल्याणला खाडीच्या अंगाला दोन खोल्या मिळाल्या. तिकडे चूल पेटली की चार बाया भोवती असायच्या. इकडे मी आणि मालगाड्यांच्या शिट्ट्या. शेजारची आगरीण मिठागरावरून आली की ओट्यावर टेकायची. तिनं थोरलीचं विचारलं की मला भडभडून यायचं.

मग विष्णूला ताप भरला. मी काढा उकळत होते आणि पोर किंचाळत होतं. हे डूटीवरून आले, इकडेतिकडे पाहिलं. बघायला होतं कोण? पोराला उचलून खांद्यावर टाकलं. ताप उतरला तरी खाली ठेवीनात. तेव्हा मी रोखठोक विचारलं, की एकाला खांद्यावर घेता, दुसरी कुठे आहे? मी काही पाठ सोडली नाही. वाढताना तोच विषय, डूटीला निघताना तोच विषय.

दुसऱ्या वर्षी गणपतीला गावी गेलो. निघायच्या दिवशी गंगी सासूबाईंच्या पदराला धरून उभी होती. पोर इथं रमली आहे, आता विषय काढू नका, असं सासूबाईंनी बजावलं. मामंजी झोपाळ्यावर बसले होते. हे उठले, सगळ्यांदेखत अंगण ओलांडून गेले आणि गंगीला कडेवर घेतलं. मामंजींनी मान फिरवली. सासूबाई आधी रागावल्या, मग पदर तोंडाला लावून रडू लागल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण पाऊल मागे घेतलं नाही.

गंगी आगबोटीत रडली, कल्याणात रडली, आईकडे जायचं म्हणून. म्हणजे सासूबाईंकडे. ऐकून जिवाचं पाणी व्हायचं. हे म्हणाले, तुला आई म्हणेपर्यंत तिला खाऊ द्यायचा नाही. मी म्हटलं, खबरदार. एक आई सुटली आहे पोरीची, दुसरी तिच्या घशात कोंबायची नाही. मी तिची वेणी घातली. ती अक्षरं गिरवायची तेव्हा शेजारी बसून मीही गिरवली. हे लिहिते आहे ते त्यातूनच आलं. हट्ट केला तर रागावले, रागावून झालं की जवळ घेतलं. पाठची भावंडं मला आई म्हणू लागली, गंगी वहिनीच म्हणत राहिली. पुढे ती फटकन उलटून बोलू लागली, मग ठाण्याला सासरी गेली, तरी मी वहिनीच. मी ते मनापासून सोडून दिलं.

परवा जावयांची बदली भुसावळला झाली. गंगी तिच्या यमीला घेऊन दोन दिवस माझ्याकडे राहिली. गाडी इथूनच धरायची होती. फलाटावर यमीनं माझ्या गळ्याला मिठी मारली आणि माझी जीभ घसरली. म्हटलं, "ऊन कसलं असतं गं तिकडे. बिऱ्हाड लागेपर्यंत यमी राहू दे माझ्यापाशी."

माझं बोलणं ऐकून माझी मीच दचकले. गंगीनं यमीला माझ्या कडेवरून घेतलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही.

"नाही वहिनी. माझी पोर माझ्यापाशी राहील."

मला लागलं. आणि त्याच घटकेला असा आनंद झाला, की गाडी गेली तरी मी तिथंच उभी होते.

सावित्री, घर हर्णैला की कल्याणला, हे आता मला कुणी विचारू नये. पोर ज्या बाईच्या मांडीवर वाढते तिथं तिचं घर, एवढंच मला कळलं आहे. तू कमळीला घेऊन ये. आणि उद्या मीच म्हातारपणाचं कारण काढून तिला मागितलं, तरी देऊ नकोस.