पुनवेच्या उधाणाला व्याख्यान

साठचं दशक सरता सरता आमच्या इंग्रजी विभागाला लोकांची आठवण झाली. साहित्य चार भिंतींबाहेर न्या, असं विद्यापीठाचं पत्रक आलं होतं. चार भिंतींतही ते फारसं कुणी ऐकत नव्हतं, पण तो मुद्दा पत्रकात नव्हता.

विभागप्रमुख सर भलते उत्साही. समुद्रावरच्या इंग्रजी कविता वर्सोव्याच्या कोळीवाड्यात वाचायच्या, दर्याच्या लेकरांनाच त्या खऱ्या कळतील, असं त्यांनी ठरवलं. दिवस पौर्णिमेचा, वेळ तिन्हीसांजेची, म्हणजे कवितेतला चंद्र समोरच दिसेल. मराठीत समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण विभागात मी सगळ्यात नवा.

मी त्याच कोळीवाड्यातला. हे विभागात कुणालाच ठाऊक नव्हतं. पत्ता विचारला की मी नुसतं 'अंधेरी' म्हणायचो. आई पाटी घेऊन दारोदार मासळी विकायची. नोकरी लागली तेव्हा मी तिला सांगितलं होतं, "आये, कॉलेजच्या गल्लीन नको येऊ." "बरं," एवढंच ती म्हणाली. लाज वाटायची मला, दुसरं काय!

पौर्णिमा म्हटल्याबरोबर मला कळलं, वाट लागली. पुनवेला दर्याला उधाण येतं, पाण्याला ओढ असते, तेव्हाच आमची जाळी भरतात. त्या दिवसांत गडी होड्यांवर. घरी सापडतात ते अष्टमीच्या सुमाराला, पाणी मंदावलं की. आठवडाभर पुढे ढकला, एवढं सांगितलं असतं तर सगळं गाव जमलं असतं. पण लगेच विचारलं असतं, तुला रे कसं माहीत? मी तोंडात मिठाची गुळणी धरली. आता धाकधूक एकच होती. भर कार्यक्रमात कुणी मला घरच्या नावानं हाक मारली तर?

देवळासमोर सतरंज्या अंथरल्या होत्या. आल्या दहाबारा बायका आणि दोन म्हातारे, तेही एकमेकांशी बोलायला. पुढेच आई बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. सर समुद्राकडे तोंड करून चंद्राची वाट पाहत राहिले. चंद्र त्यांच्या पाठीमागून, आमच्या कौलांवर उगवला. मग त्यांनी टेबल फिरवून घेतलं.

तासभर कविता झाल्या. मी माझ्याच मावश्यांना अशा पुस्तकी मराठीत समुद्र समजावत होतो, जणू कालच पुण्याहून आलोय. ज्या मावशीनं मला न्हाऊ घातलं होतं, ती ओळखदेख नसल्यासारखी बघत होती. एकीनंही हाक मारली नाही. मी मनातून खूश झालो, हेही कबूल करतो.

कुणाला काही विचारायचंय का, असं सरांनी विचारलं. आई उठली.

"सर," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पुनवेच्या उधानाला आमचे गडी दर्यान असतान. तुमच्यान कोनालाच ठावं नव्हतं का?"

ती भराभर बोलली, त्यात तिची बोली. प्रमुखांना ओ की ठो कळलं नाही. "काय म्हणतायत बाई?" त्यांनी मला विचारलं.

"कविता फार आवडल्या म्हणतायत," मी म्हणालो. सरांनी ते वहीत टिपून घेतलं.

सगळे गेल्यावर मावशीनं सांगितलं, "काल तुझी आय घरोघर फिरली रे. त्याला नावानं हाक मारू नका, सर म्हना, असं सांगत."

घरी गेलो तर ताट वाढलेलं. "बसा सर, जेवा," आई म्हणाली. ती हसत नव्हती.

पुढच्या वर्षी पुन्हा पौर्णिमेचं निघालं, तेव्हा विभागात सगळ्यांसमोर मी म्हटलं, "अष्टमीला ठेवा. माझी आई तिथलीच, मासळी विकते, तिला विचारून सांगतोय." त्या संध्याकाळी घरी येऊन, विभागात काय बोललो ते तिच्याही कानावर घातलं. तोवर वर्षभर घरात ती मला सरच म्हणत होती.